घंगाळातले पंप

फोनवर बाईचा आवाज होता आणि त्यात रडू अजिबात नव्हतं.

"माझ्या मिस्टरांचा खून झालाय. मुलुंड पूर्वेला, स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयात. लगेच या, नाहीतर ही माणसं यांना आजच जाळून मोकळी होतील."

सहायक पोलीस निरीक्षक संघमित्रा खंडारे हवालदार जयवंतला घेऊन पोचली, तेव्हा कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे हात जोडून उभे. स्टेजवर कोचावर एक साठीचा गृहस्थ मांडी घालून बसलेला. गळ्यात झेंडूचा हार, खांद्यांवर जांभळी शाल, डोळे अर्धवट उघडे. कोणीतरी भजन लावलं होतं.

दारातच एका तरुणाने तिला अडवलं. झब्बा पांढराशुभ्र, चेहऱ्यावर भक्ती आणि हातात माइक.

"मॅडम, चपला बाहेर काढा प्लीज. सरांनी देह ठेवलाय. समाधी आहे ही."

"समाधीत ओठ निळे पडतात का?" संघमित्राने विचारलं आणि बुटांसकट आत गेली.

मार्तंड सबनीस हे नाव मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कोणाला नवीन नव्हतं. बँकेतून लवकर निवृत्त होऊन त्यांनी श्वाससाधनेचे वर्ग काढले होते. दम्याच्या रोग्यांना ते सांगायचे, तुमचा दमा हा दमा नाहीच, तो मनाचा दुबळेपणा आहे. आणि तोंडात फवारा मारायचा तो इनहेलर, ज्याला आपल्याकडे सगळे पंप म्हणतात, ती तर सरळसरळ व्यसनाची वस्तू. वर्षातून एकदा त्यांचा 'पंपमुक्ती सोहळा' व्हायचा. स्टेजवर मोठं तांब्याचं घंगाळ ठेवायचं, माणसांनी रांगेने यायचं, आपला पंप त्यात टाकायचा, आणि सभागृहाने टाळ्या वाजवायच्या. शिकलेली माणसं यायची, इंजिनिअर, प्राध्यापक, एक-दोन वकीलसुद्धा. लाजेपुढे शिक्षण काय करणार?

आज तोच सोहळा होता. सरांची साठीही होती, म्हणून आधी शाल आणि श्रीफळ झालं. मग घंगाळ. मग सरांनी भस्त्रिका सुरू केली, भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायची ती क्रिया, आणि ती करता करता ते गेले.

पहिल्या रांगेत एक बाई एकटीच बसली होती. सुती साडी, केस पिकलेले, हात मांडीवर.

"मी पद्मजा सबनीस. फोन मीच केला."

"खून झाला असं तुम्हाला का वाटतं?"

"यांना दमा होता," पद्मजाताई म्हणाल्या.

त्या हे हळू बोलल्या नाहीत. मागच्या रांगेत खळबळ उडाली आणि तो माइकवाला धावत आला.

"काकू, काय बोलताय? शॉकमध्ये आहेत त्या, मॅडम. सरांना दमा? काहीतरीच काय! मी मुकुल, सरांचा सहायक. पोस्टमॉर्टेम वगैरे आम्हाला नकोय. सगळ्या साधकांची तीच इच्छा आहे."

"साधकांची इच्छा फौजदारी कायद्यात बसत नाही," संघमित्रा म्हणाली. "जयवंत, दारं बंद कर. आणि ते भजन पण."

ती स्टेजवर चढली. कोचाशेजारी छोटं टेबल होतं. पाण्याचा ग्लास, माइकचा स्टँड, आणि झेंडूच्या माळांचा ढीग. तिने पेनाने माळ उचलली. खाली एक पंप होता.

निळं प्लास्टिक जुनं होऊन पिवळट पडलेलं. पाठीवर चंदेरी कागदाची एक चांदणी चिकटवलेली, अर्धी झिजलेली. पण आत बसवलेली औषधाची डबी कोरी करकरीत होती. संघमित्राने रुमालात धरून पंप हलवला. भरलेला होता.

मग तिने सरांच्या खांद्यावरची शाल उतरवायला घेतली, आणि तिला सटासट शिंका आल्या. डोळ्यांना खाज सुटली. छातीत ती ओळखीची शीळ वाजू लागली.

संघमित्राने खिशातून स्वतःचा पंप काढला. हलवला, श्वास पूर्ण बाहेर सोडला, तोंडात धरून दाबता दाबता सावकाश आत ओढला, आणि श्वास रोखून उभी राहिली. समोर पंपमुक्तांचं सभागृह श्वास रोखून तिच्याकडे बघत होतं. ते वेगळ्या कारणाने.

तिला याची लाज वाटत नसे. ती लहान असताना घाटकोपरच्या वसाहतीत पोरं तिला 'धापी' म्हणायची, तेव्हा तिची आई सुंदराबाई म्हणाली होती, "नजर कमी असली तर माणूस चष्मा लावतो ना? मग याची कसली लाज?" विषय तिथेच संपला होता.

"जयवंत, शाल पिशवीत घाल. मोहोरबंद कर. लॅबला पाठवायची."

"धूळ असेल, मॅडम."

"असेलही."

स्टेजमागच्या खोलीत सरांची बॅग होती. तिच्यात टॉवेल, कंगवा आणि तळाशी एक चेनवाला पाऊच. पाऊचमध्ये पंप होते. एक नाही, चांगले मूठभर, सगळे निळे, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकावर कोणाच्या तरी हाताने 'आजोबा' लिहिलेलं होतं. दुसऱ्याला लाल लोकर गुंडाळलेली होती.

संघमित्रा पाऊचकडे बघत राहिली, मग स्टेजवरच्या घंगाळाकडे. तिच्या डोक्यात तिडीक गेली. मुलुंडच्या केमिस्टकडे जाऊन हा माणूस पंप कसा विकत घेणार होता? दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. म्हणून लोकांनी टाळ्यांच्या गजरात टाकलेले पंप तो घंगाळातून उचलायचा आणि वर्षभर वापरायचा. लोकांचा श्वास काढून घ्यायचा आणि स्वतः तो ओढायचा.

तिने मुकुलला आत बोलावलं.

"पाऊच कोणाचं?"

मुकुलचा चेहरा पांढरा पडला. "मला... मला नाही माहीत."

"शपथ?"

"मॅडम, मला गेल्या वर्षी कळलं. एकदा चुकून दार उघडलं तेव्हा. ते म्हणाले, साधकांचा विश्वास तुटेल, गप्प बस. मी बसलो."

"आणि आता वर्ग कोणाचे?"

"माझे," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे ट्रस्टचे."

"वस्तू ठेवायच्या कपाटाची किल्ली?"

"माझ्याकडेच. पण त्याचा काय संबंध?"

नंतर अनुपमा आली, वर्गाची जुनी कार्यकर्ती, सत्काराचं सगळं तीच बघायची.

"शाल कुठून आणली होती?"

"आणायची कशाला? सरांना इतक्या सत्कारांत मिळतात, त्या वर्गाच्या कपाटात ठेवतो आणि पुढच्या पाहुण्याला घालतो. सगळीकडे तसंच चालतं ना, मॅडम. शाली फिरतच असतात." मग ती अडखळली. "पण एक सांगू का? मी तबकात चॉकलेटी काढून ठेवली होती, प्लास्टिकसकट. सरांना घातली ती जांभळी होती. मला वाटलं, मुकुलने बदलली असेल, किल्ली त्याच्याकडे असते."

"तबकाजवळ आणखी कोण होतं?"

"सगळेच ये-जा करत होते. पद्मजाताईंनी फुलं आणली, त्या टेबल सजवत होत्या. मुकुल माइक लावत होता."

"सर हल्ली कसे होते? तब्येत?"

"छानच. फक्त एकांतध्यान फार वाढलं होतं. आधी वर्गाच्या मध्ये एकदा आत जायचे, हल्ली सारखे जायचे. येताना अगदी ताजेतवाने होऊन यायचे."

येणारच, संघमित्राने मनात म्हटलं.

इतक्यात बाहेर गलका झाला. शाळेतली एक मुलगी जमिनीवर पुढे वाकून बसली होती, खांदे वर उचललेले, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. शेजारी तिची आई पाठ चोळत होती. "दिशा, बाळा, सरांनी शिकवलंय ना? मन शांत कर. तू पंपमुक्त आहेस आता."

"आज टाकला का पंप?" संघमित्राने विचारलं.

"सगळ्यांत पहिला हिचाच. सर म्हणाले होते, हिला उदाहरण करू."

संघमित्राने पुराव्याचा विचार केला नाही. ती मुलीला घेऊन घंगाळापाशी गेली. "तुझा कुठला?"

दिशाने बोट दाखवलं. बोलण्याइतका श्वासच नव्हता तिच्यात. संघमित्राने पंप काढून तिच्या तोंडाशी धरला, तिला ताठ बसवलं, "आत... हळू... थांब," असं म्हणत दाबला. थोड्या वेळाने पुन्हा. मुलीच्या ओठांवर रंग परत यायला लागला, तसं आईला रडू फुटलं.

"आता रडू नका, हॉस्पिटलला न्या," संघमित्रा म्हणाली. "आणि हा पंप परत कोणाला दिलात, तर मी तुम्हालाच आत टाकीन."

पद्मजाताई पहिल्या रांगेतून हे सगळं बघत होत्या. दिशा पायांवर उभी राहिली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा डोळे मिटले.

शवविच्छेदन डॉक्टर शर्मिष्ठाने केलं. ती संघमित्राची कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि भलतीच फटकळ.

"मित्रा, फुप्फुसं बघितलीस तर विश्वास बसणार नाही. छाती उघडली तरी खाली बसेनात, हवेने गच्च फुगलेली. दम्यात लोकांना वाटतं, हवा आत जात नाही. अगं, आत जाते, बाहेर निघत नाही. नळ्या सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, वर चिकट कफाची बुचं बसतात. मग जुनी हवा आत अडकून राहते, नवीनला जागाच नाही."

"पण रोज पंप घेत होता ना तो?"

"कुठला? निळा. त्याने नळी तेवढ्यापुरती उघडते. आतली सूज उतरवायचं रोजचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टर देतात. हा डॉक्टरकडे जाणार कसा? निळ्यावर निळा मारत होता आणि आत वाट लागत होती. अशा माणसाला एक ठिणगी पुरे. वर ती भस्त्रिका!"

"ठिणगी कसली?"

"ते तुझी लॅब सांगेल. विष नाही, मार नाही. दमा. मी कागदावर तेच लिहिणार, त्याच्या भक्तांना झेपो न झेपो."

लॅबने सांगितलं. शालीवर मांजराचे केस होते, आखूड, तांबूस, शिवाय भरपूर कोंडा. मांजर त्या शालीवर कित्येक दिवस झोपत असावं. संघमित्राने कपाळावर हात मारला. तिला स्वतःला मांजर चालत नाही हे तिला पोरवयापासून माहीत होतं.

ती सबनीसांच्या घरी गेली. लिफ्ट बंद होती, जिने चढून ती वर पोचली तेव्हा धाप लागलेली. पद्मजाताईंनी पाणी दिलं.

"मिस्टरांना मांजराची अ‍ॅलर्जी होती?"

"फार. खालच्या जिन्यात मांजर दिसलं तरी हे वॉचमनला ओरडायचे."

"हे कोणाला माहीत होतं?"

"मुकुलला. वर्गात एकदा मांजर शिरलं तेव्हा त्यानेच हाकललं होतं."

भिंतीवर एका मुलीचा फोटो होता, हार घातलेला. कॉलेजच्या वयाची, मोठं कपाळ, हसू जरा खोडकर.

"आमची ऋता. कॉलेजात होती."

"कशाने गेली?"

"हृदय बंद पडलं, असं लिहिलंय."

संघमित्राने तिची खोली बघायला मागितली. पद्मजाताईंनी कडी काढली. "हे इथे कधी येत नसत. ती गेल्यापासून एकदाही नाही."

खोली नीटनेटकी होती. पलंगावर एक चॉकलेटी शाल दुकानाच्या प्लास्टिकसकट पडलेली. कपाटाच्या दारावर आणि आरशाच्या कडेला चंदेरी कागदाच्या चांदण्या. बाल्कनीत एक बशी होती, कडेला दूध वाळलेलं.

"चिमण्यांना ठेवते," पद्मजाताई म्हणाल्या.

संघमित्राच्या छातीत पुन्हा शीळ वाजली. तिने जिन्याला शिव्या घातल्या, पंप ओढला आणि खाली उतरली. खाली आल्यावर, गाडीत बसल्यावर, तिच्या लक्षात आलं की जिन्याची धाप तर वर पाणी पिऊन झाल्यावरच ओसरली होती.

सोहळ्याचं चित्रण झालं होतं. मुकुलनेच हौसेने कॅमेरा लावला होता. संघमित्रा आणि जयवंत ते पुन्हा पुन्हा बघत बसले. सर भस्त्रिका करतात. खांदे उचलले जातात, मानेच्या शिरा ताणतात. मुकुल माइकवर ओरडतो, "सरांची गती बघा!" टाळ्या. सर छातीवर हात ठेवतात. मग हात टेबलाकडे जातो. फुलांत बोटं शिरतात आणि थांबतात. सर खाली बघतात. मग समोरच्या गर्दीकडे बघतात. आणि मग तोच हात माळ ओढून पंपावर पसरतो.

"आयला," जयवंत म्हणाला. "हातात होता, मॅडम!"

सर उठायला बघतात. मुकुल भक्तिभावाने त्यांचे खांदे दाबून त्यांना बसवतो, शाल नीट गुंडाळतो. श्वासाची शीळ माइकवर ऐकू येते. मग ती थांबते, आणि मुकुल म्हणतो, "बघा, श्वास शांत झाला."

दम्याच्या झटक्यात छातीचा आवाज थांबतो तो हवा फिरायचीच थांबते म्हणून. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं.

"पहिली रांग मोठी कर," संघमित्रा म्हणाली.

सगळ्यांच्या माना सरांच्या चेहऱ्याकडे होत्या. एक मान तेवढी टेबलाकडे.

पुढच्या रविवारी मुकुलने त्याच कार्यालयात शोकसभा ठेवली. सरांना श्रद्धांजली म्हणून नवं घंगाळ आणलं, या वेळी स्टीलचं, आणि आवाहन केलं की ज्यांचे पंप राहिले असतील त्यांनी आज गुरुचरणी अर्पण करावेत. शवविच्छेदनाचं काय ते पोलिसांचं राजकारण आहे, असं तो दारातच लोकांना सांगत होता. आणि माणसं रांग लावून त्यात पंप टाकत होती! संघमित्राला ती रांग बघून इतका संताप आला, की तिने स्वतःशी कबूल करून टाकलं, आज मी नुसती तपासाला आलेली नाही.

तिने मुकुलच्या हातातून माइक घेतला.

"सबनीस सरांना दमा होता. ते रोज पंप घ्यायचे. तुम्ही घंगाळात टाकलेले पंप." तिने पाऊच टेबलावर उपडं केलं. "यात 'आजोबा' लिहिलेला कोणाचा आहे?"

मागून एक म्हातारे गृहस्थ सावकाश उठले. "नातीने लिहिलं होतं," ते म्हणाले आणि खाली बसले.

"आता खून कसा झाला ते सांगते. सरांच्या खांद्यावर टाकलेली शाल कोणीतरी मांजराला अंथरून दिली होती. सत्काराची शाल माणूस स्टेजवर झटकून टाकत नाही. ती नाकाखाली, गळ्याभोवती, आणि वर भस्त्रिका. कपाटाची किल्ली मुकुलकडे, वर्ग आता त्याचे, मांजराचंही त्याला ठाऊक. माझा संशय त्याच्यावरच होता."

मुकुल माइकशिवाय फारच लहान दिसत होता. "मॅडम, मी नाही—"

"नाहीस. तू फक्त मरणाऱ्या माणसाला उठू दिलं नाहीस, ते वेगळं बघू. दमेकऱ्याला मारायचं असेल तर मारणारा काय करेल? पंप लपवेल. इथे उलटं झालं. मारणाऱ्याने भरलेला पंप सरांच्या हाताशी ठेवला. जुन्या प्लास्टिकमध्ये नवी डबी बसवून. का? नवाच पंप का नाही ठेवला? कारण सरांनी ते जुनं प्लास्टिक ओळखावं अशी इच्छा होती. त्यावर चांदणी आहे. तशाच चांदण्या मी एका कपाटावर बघितल्या. त्याच खोलीत अनुपमाताईंनी तबकात ठेवलेली चॉकलेटी शाल पडली होती, दुधाची बशी होती, आणि माझ्या छातीत शीळ वाजली होती. चिमण्या दूध पीत नाहीत, ताई."

पहिल्या रांगेतल्या पद्मजाताई हलल्या नाहीत.

"आणि सगळ्यांत मोठी गोष्ट मी शेवटी बघितली. समाधी म्हणून चटकन दहन झालं असतं, तर खुनी सुटलाच होता. पोलिसांना फोन करून अडकायचं कशाला? तर खुन्याला सुटायचं नव्हतंच. त्याला सरांचा दमा सरकारी कागदावर हवा होता."

पद्मजाताई उठल्या. कोणी हात दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

"मांजराचं पिल्लू होतं," त्या म्हणाल्या. आवाज फोनवरच्यासारखाच कोरडा. "ऋताच्या खोलीत वाढवलं. ते दार तो उघडणार नाही याची मला खात्री होती. आता शेजारी दिलंय त्याला."

"ऋताला दमा होता?"

"लहानपणापासून. पहिल्या सोहळ्यात पहिला पंप तिचाच पडला घंगाळात. बापाचा शब्द. तेव्हा त्याला हीच जांभळी शाल घातली होती, टाळ्या पण अशाच. पुढे एकदा संध्याकाळी तिला झटका आला. घरभर पंप शोधत होती पोरगी, एखादा जुना कुठे असेल म्हणून. मी केमिस्टकडे धावायला निघाले, तर त्याने माझा हात धरला. म्हणाला, आता मागे फिरायचं नाही. मग तिच्या छातीचा आवाज थांबला. तो म्हणाला, बघ, श्वास शांत झाला."

कोणीतरी हुंदका दिला. मुकुलने मान खाली घातली.

"मी त्याच्यावर विश्वास ठेवला हो. वाटलं, आपल्याच पोरीचं मन दुबळं. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना हे पाऊच सापडलं. त्यात ऋताचा पंप होता, चांदणीवाला. ती घरभर शोधत होती तेव्हा तो त्याच्या खिशात होता." पहिल्यांदाच त्या श्वास घ्यायला थांबल्या. "मी तेव्हाच ओरडू शकले असते. कोणी ऐकलं असतं? तुमच्यापैकी कोणी ऐकलं असतं? मग त्या दिशाचं नाव यादीत आलं, पहिलं. मी ठरवलं, आता त्यानेच सांगायचं. सगळ्यांसमोर पंप उचलायचा, ओढायचा, आणि जगायचं. पंप भरलेला होता. मी केमिस्टकडून स्वतः नवी डबी आणली होती."

"आणि उचलला नाही तर?"

"तर मरायचं. मला दोन्ही चालणार होतं."

संघमित्राने विचारलं, कारण हे विचारल्याशिवाय तिला राहवलं नसतं. "उठून त्यांच्या हातात द्यावासा वाटला नाही?"

"वाटला," पद्मजाताई म्हणाल्या. "ऋताच्या वेळीही धावावंसं वाटलं होतं. तेव्हा त्याने माझा हात धरला होता. या वेळी मीच माझा हात धरून बसले."

जयवंतने महिला पोलीस शिपायाला खूण केली. दाराशी पोचल्यावर पद्मजाताई वळल्या.

"मॅडम, कागदावर काय लिहिणार?"

"मृत्यूचं कारण, दमा. आणि सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात आरोपी म्हणून तुमचं नाव."

"दोन्ही लिहा," त्या म्हणाल्या. "आणि ऋताचंही कुठेतरी सुधारून घ्या. हृदय चांगलं होतं तिचं."

संघमित्राने मान हलवली, आणि ती हलवताना तिला कळलं की हे काम ती कोणी सांगितलं नसतं तरी केलं असतं. मागे सभागृहात पहिल्यांदा कोणीतरी पुढे झालं. दिशाची आई होती. पंप तर दिशाच्या दप्तरातच होता, पण तिने स्टीलचं घंगाळ दोन्ही हातांनी धरलं आणि स्टेजवर उपडं केलं. मग म्हातारे, बायका, इंजिनिअर, वकील सगळे गुडघ्यांवर बसून आपापला पंप शोधायला लागले.